माळ्यावरचे जॅकेट नदीत किती भरवशाचे?

होडी वल्हवायची, नदीकाठी तंबूत राहायचे, असा बेत बंगळूरची अनेक कुटुंबे आखतात. या सहलीची निम्मी सुरक्षितता निघण्याच्या आठ दिवस आधी घरातच ठरते.

शनिवारी पहाटे बंगळूरच्या कनकपुरा रस्त्यावर पाहा. टपावर दोरीने आवळलेले तंबू, मागच्या काचेतून डोकावणारी वल्ही आणि आत अर्धवट झोपेतली मुले, अशा गाड्या एकामागून एक जाताना दिसतात. ही मंडळी निघालेली असतात कावेरीकडे. शंभरेक किलोमीटरवर भीमेश्वरी आहे. तिथे पोहोचायचे, दिवसभर पाण्यावर काढायचा आणि रात्री कॅम्पवर मुक्काम करायचा.

गाडीच्या मागच्या सीटवर जरा निरखून पाहिले तर नारिंगी रंगाची जॅकेटे दिसतात. एक मुलाने दुमडून उशाला घेतलेले असते. दुसरे आजोबांच्या कमरेला टेकू म्हणून लावलेले असते. उरलेली दोन स्टोव्ह आणि पिठामिठाच्या डब्यांखाली दबलेली असतात. नदीवर ज्या वस्तूवर जिवाची भिस्त ठेवायची, तिचे नदीत होत नाही एवढे नुकसान या तीन तासांच्या प्रवासात होते. आणि त्याआधी वर्षभर ती माळ्यावर, जुन्या गाद्यांखाली पडलेली असते ते वेगळेच.

पाणी एकच, तऱ्हा वेगवेगळ्या

बंगळूर शहराला स्वतःची मोठी नदी नाही. होडी वल्हवत मुक्काम करायचा तर शहराबाहेर पडावेच लागते. भीमेश्वरीला कावेरीच्या काठी कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्सचा कॅम्प आहे. शिमोगा जिल्ह्यात सागरच्या पुढे होन्नेमरडू हे शरावतीवरच्या लिंगनमक्की धरणाच्या फुगवट्याचे ठिकाण आहे. तिथे कनू, कयाक शिकता येतात आणि पाण्यातल्या बेटावर तंबू ठोकता येतो. उत्तरेला दांडेलीजवळ गणेशगुडीला काळी नदी आहे. बेळगाव, धारवाडकडची मराठी मंडळी तिथेच जास्त जातात.

या तिन्ही ठिकाणचे पाणी सारखे नाही. कावेरीत खडक आणि ओढ आहे. होन्नेमरडूचे पाणी संथ दिसते, पण दुपारी वारा सुटला की लाटा उठतात आणि धरणात बुडालेल्या जंगलाचे खुंट पाण्याखाली दबा धरून असतात. काळी नदीचे पाणी वर सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी किती सोडले आहे त्यावर कमीजास्त होते. म्हणून ‘आम्ही मागच्या वर्षी अमुक ठिकाणी होडी चालवली होती’ हा अनुभव दुसऱ्या ठिकाणी फारसा कामाचा नाही.

होड्याही वेगळ्या. कनू म्हणजे वरून उघडी, लांबट होडी. तिला एका पात्याचे वल्हे लागते. कयाक अरुंद असते आणि तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले. कावेरीवरची खरी जुनी होडी मात्र हरिगोलू. बांबूच्या कामट्यांची गोल टोपलीच ती. पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पायस सुमारे १५२० साली विजयनगरला आला, तेव्हा त्याने तुंगभद्रेवर चामड्याने मढवलेल्या अशा टोपल्यांतून पंधरा-वीस माणसे आणि प्रसंगी घोडे-बैलही पलीकडे जाताना पाहिले होते. आता चामड्याच्या जागी डांबर लावलेले प्लॅस्टिकचे कापड आले. बाकी टोपली तीच, आणि स्वतःभोवती गरगर फिरण्याची तिची खोडही तीच. ती फिरू लागली की बसलेले सगळे हसत हसत एका बाजूला कलतात आणि कोणीतरी फोटोसाठी उभे राहते. हरिगोलूत हे दोन्ही करायचे नाही. तळाशी टेकून, समोरासमोर वजन सारखे वाटून बसायचे आणि नावाड्याने नेमलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस जास्त चढवायचा नाही, मग ते माणूस पाच वर्षांचे का असेना.

१८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. तो तलाव शहरातच आहे. तिथे ना जंगल होते, ना धार.

वाढत्या अंगाचे नको

कृष्णा-भीमेकाठच्या गावांत पुराच्या वेळी गुळाच्या काहिलीतून माणसे पलीकडे जात. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या कमरेला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधत. आजच्या अनेक वाचकांचे वडील-काका तसेच पोहायला शिकले असतील. लाइफ जॅकेटचे तत्त्व काही वेगळे नाही. पाण्यापेक्षा हलकी वस्तू अंगाला घट्ट बांधायची, म्हणजे डोके वर राहते. पूर्वी या जॅकेटांत सावरीचा कापूस भरत. हल्ली बारीक बंद छिद्रांचा फोम असतो. त्या छिद्रांतली कोंडलेली हवा हीच जॅकेटची सगळी ताकद.

पाण्यात माणसाचे वजन जवळजवळ नाहीसेच होते. मोठ्या माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवायला साधारण तीन ते साडेपाच किलोचा उचल पुरतो. जॅकेटच्या आतल्या पट्टीवर हा आकडा न्यूटनमध्ये छापलेला असतो. ५० न्यूटन म्हणजे सुमारे पाच किलोचा उचल. पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या आणि काठाजवळ राहणाऱ्या माणसासाठी तो ठीक आहे. पोहता न येणाऱ्यासाठी आणि लहान मुलांसाठी १०० न्यूटनचे, मानेमागे कॉलर असलेले जॅकेट घ्यावे. बेशुद्ध माणसाला ५० न्यूटनचे जॅकेट उताणे करत नाही, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

आता हिशेब करा. पाच किलोचा उचल असलेले जॅकेट उशी म्हणून वापरून, डब्यांखाली दाबून, उन्हात वाळवून त्यातला फोम चेपला, तर उचल किती उरेल? वरून कापड तसेच नारिंगी दिसते, म्हणून कळत नाही. कळायचे असेल तर फोम चिमटीत दाबून सोडावा. तो लगेच पूर्ववत फुगला पाहिजे. खळगा राहिला किंवा आत चुरा जाणवला तर ते जॅकेट बाद. खांद्यावरचे विटलेले कापड दोन्ही हातांनी ताणून पाहावे, शिवण उसवते का ते बघावे. प्लॅस्टिकच्या बकला उन्हाने कडक होऊन तडकतात. प्रत्येक बक्कल लावून जोरात ओढून पाहावी. बाद झालेले जॅकेट ‘असू दे, पाहुण्यांना होईल’ म्हणून ठेवू नये. पाहुण्यालाही तेवढाच जीव असतो.

मुलांच्या बाबतीत आपल्याकडे हमखास एक चूक होते. शाळेचा गणवेश, बूट, स्वेटर सगळे आपण वाढत्या अंगाचे घेतो. दोन वर्षे जावेत हा त्यामागचा काटकसरी विचार. जॅकेट मात्र आजच्या अंगाचे हवे. सैल जॅकेट पाण्यात वर सरकते, मूल खाली राहते आणि त्याचे तोंड कॉलरच्या आत जाते. घरीच पाहायचे तर मुलाला जॅकेट घालावे, सगळे पट्टे आवळावेत आणि दोन्ही खांद्यांना धरून वर उचलावे. जॅकेट हनुवटीच्या वर, कानांपर्यंत आले तर ते मोठे आहे. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. मुलाला तो टोचतो, ते कुरकुर करते, आणि आई तो सोडून देते. तो सोडू नये. एका रविवारी पोहण्याच्या तलावावर उथळ पाण्यात जॅकेट घालून मुलाला अंग सैल सोडायला सांगावे. नदीवर पहिल्यांदाच जॅकेट घातलेले मूल घाबरून हातपाय झाडते. ज्याने ते आधी अनुभवले आहे, ते शांत तरंगते.

कॅम्पवर भाड्याने मिळणाऱ्या जॅकेटांनाही हेच सगळे लागू आहे. ढिगातले पहिले उचलून गळ्यात अडकवण्याऐवजी दोन-तीन घालून पाहावीत. पट्टा नसेल, बक्कल तुटलेली असेल, जॅकेट ओल पिऊन जड झाले असेल तर दुसरे मागावे. त्यात संकोच कसला? आपण भाजी घेतानासुद्धा निवडून घेतो. आणि दुपारी उकडते म्हणून होडीत जॅकेट काढून शेजारी ठेवणे म्हणजे ते घरी ठेवल्यासारखेच. होडी उलटताना ते घालायला कोणालाही वेळ मिळत नाही.

बाकीच्या कपड्यांचे थोडक्यात. साडी आणि लांब ओढणी ओली झाली की पायांत गुंडाळते, जीनची पँट जड होते. लवकर वाळणारा पायजमा किंवा ट्रॅक पँट आणि टाचेमागे पट्टा असलेली चप्पल बरी. चष्म्याला दोरी लावावी.

होडी, वल्हे आणि दोर

घरची होडी असलेली कुटुंबे थोडीच. असलीच तर बहुधा हवा भरायची कयाक, कारण ती फ्लॅटमध्ये मावते. निघण्याच्या आठ दिवस आधी ती हॉलमध्ये पूर्ण फुगवून रात्रभर ठेवावी. सकाळी एखादा कप्पा मऊ पडला असेल तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते शोधावे. सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन पीव्हीसीच्या कापडावर टिकत नाही. त्याला पीव्हीसीसाठीच बनवलेला चिकटा लागतो आणि तो पूर्ण सुकायला एक दिवस द्यावा लागतो. फुगवलेली कयाक दुपारच्या उन्हात काठावर सोडून जेवायला जाऊ नये. आतली हवा तापून फुगते आणि शिवणी सुटतात. थोडी हवा काढून ती सावलीत ओढावी. पाण्यात उतरवल्यावर हवा पुन्हा थंड होऊन दाब कमी होतो, तेव्हा परत भरावी.

लाकडी वल्ह्याचे वार्निश उडाले की लाकूड पाणी पिते आणि चिरते. बारीक पॉलिश पेपर फिरवून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले की काम होते. आणि जादा वल्हे बरोबर असावेच. एकच वल्हे असेल आणि ते वाहून गेले, तर होडी नदीच्या मर्जीने चालते.

दोराबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण घरातला कोणताही दोर चालतो असा समज आहे. नायलॉनचा दोर भिजला की त्याची ताकद काहीशी कमी होते आणि तो पाण्यात बुडतो. बुडणाऱ्या माणसाकडे फेकायचा दोर तरंगणारा, म्हणजे पॉलिप्रोपिलीनचा हवा. पंधरा-वीस मीटरचा असा दोर कापडी पिशवीत सैल भरून ठेवतात. एक टोक हातात धरून पिशवी फेकायची, दोर आपोआप सुटत जातो. पिशवीत तो गुंडाळी करून भरला तर ऐनवेळी गाठ बसते. म्हणून तोंडातून थोडा थोडा कोंबत भरायचा. अपार्टमेंटच्या अंगणात मुलांकडून हा फेकण्याचा सराव करून घ्यावा, त्यांना तो खेळच वाटतो. दोर स्वतःच्या मनगटाला किंवा कमरेला मात्र कधीही बांधू नये. वाहत्या पाण्यात ताणला गेलेला दोर सुटत नाही.

कपडे, काडेपेटी, औषधे यांसाठी रबरी पिशव्या मिळतात. त्यांचे तोंड निदान तीन वेळा गुंडाळून बक्कल लावावी आणि पिशवी पूर्ण ठासून भरू नये. पैसे वाचवायचे असतील तर रिंग लावून झाकण बंद होणारे निळे प्लॅस्टिकचे पीपही तेच काम करते.

काठीची खूण

अभयारण्यात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. कावेरीचा हा पट्टा कावेरी वन्यजीव अभयारण्याचा आहे. नेमलेल्या कॅम्पवर, परवानगीनेच राहावे. नियम म्हणून तर झालेच, पण संध्याकाळी पाण्यावर हत्ती येतात आणि नदीत मगरी आहेत, म्हणूनही. तंबूत केळी, गूळ, फरसाण काही ठेवू नये.

होन्नेमरडूच्या बेटावर किंवा दुसऱ्या परवानगीच्या ठिकाणी जागा आपल्यालाच निवडायची असते, तेव्हा वाळूचा सपाट पट्टा मोह घालतो. तो सपाट असतो कारण पाणी त्यावरून जाते. काठावरच्या झाडांच्या फांद्यांत वाळके गवत, चिंध्या अडकलेल्या दिसतात का ते पाहावे. मागच्या पुराचे पाणी तिथवर आले होते. तंबू त्या रेषेच्या वर हवा.

कावेरीला वर कृष्णराजसागर आणि कबिनी ही धरणे आहेत. आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असले तरी दोनशे किलोमीटरवर कुर्ग-वायनाडात पाऊस झाला आणि दरवाजे उघडले की नदी वाढते. काठावर पोहोचताच पाण्याच्या कडेला एक काठी रोवावी आणि तासातासाने पाहावे. काठीशी पाणी चढले, स्वच्छ पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहत आला, की भांडी आवरत न बसता वर जावे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा धक्का चौपट होतो. सकाळी गुडघाभर पाण्यातून ओलांडलेली वाट संध्याकाळी मोठ्या माणसालाही पाडते.

एप्रिल-मेमध्ये बंगळूरकडे दुपारनंतर वळवाचा गडगडाट होतो. पहिला गडगडाट ऐकताच होडी काठाला लावावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात जाऊ नये. एकट्या उंच झाडाखाली उभे राहू नये. पाऊस आला म्हणून स्टोव्ह तंबूत घेऊन चहा करणे हाही नेहमीचा प्रकार. आगीचा धोका आहेच, शिवाय बंद तंबूत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो झोपेतच मारतो.

पाण्यात पडल्यावर

होडी उलटली तर पहिली ओढ उभे राहण्याची असते. वाहत्या पाण्यात उभे राहू नये. पाऊल दगडांच्या कपारीत अडकते आणि मागून येणारे पाणी माणसाला पालथे पाडते. उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटे पाण्याबाहेर ठेवावीत आणि हातांनी तिरके वल्हवत काठ गाठावा. पाण्यात वाकलेल्या झाडाच्या फांद्यांकडे आधार म्हणून जाऊ नये. त्यातून पाणी जाते, माणूस अडकतो. छोट्या बंधाऱ्याखालचे फेसाळ पाणीही तसेच फसवे आहे. पडणारे पाणी तिथे माणसाला पुन्हापुन्हा भिंतीकडे ओढते. बंधारा दिसला की होडी आधीच काठाला लावून उचलून न्यावी.

बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याचे तोंड श्वासासाठी धडपडत असते, हाक मारायला श्वास उरत नाही. तो दिसताच दुसऱ्याने उडी मारायची नसते. काठी, वल्हे, दोर, गाठ मारलेली ओढणी, जे हाताशी असेल ते पुढे करावे. भावाला वाचवायला भाऊ, मित्राला वाचवायला मित्र असे दोघेही गेल्याच्या बातम्या कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात येतात.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. त्यात वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाते. श्वास चालत नसेल तर त्याला सपाट उताणे निजवावे, नाक धरून तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने जोराचे दाब द्यावेत. तीस दाब, दोन श्वास, असे मदत येईपर्यंत. ११२ किंवा १०८ ला फोन दुसऱ्याने लावावा. कावेरीच्या खोऱ्यात फोनची रेंज सगळीकडे नाही, म्हणून ती कुठे येते हे पोहोचताच पाहून ठेवावे. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यावे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

हे सगळे वाचून येत नाही, करून येते. घरातल्या एकाने तरी प्रथमोपचाराचा वर्ग केलेला असावा.

सोमवारचे काम

रविवारी रात्री सगळे दमून येतात. ओला तंबू पिशवीतच राहतो, पिशवी बाल्कनीत, आणि सोमवारी ऑफिस, शाळा. बंगळूरला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही भरपूर पाऊस पडतो, हवा दमट असते. तीन-चार दिवसांत तंबूवर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते पुन्हा जात नाहीत. आतला पाणीरोधक थर एकदा चिकट होऊन सुटू लागला की तो तंबू पावसात गळणार. म्हणून आल्या रात्रीच तंबू दिवाणखान्यात खुर्च्यांवर पसरून पंखा लावावा. चिखल ओल्या फडक्याने पुसावा. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नये, कपड्यांची पावडर लावू नये. कडक उन्हात दिवसभर वाळत घालणेही वाईट, नायलॉन उन्हाने कुजते. झिप अडकत असेल तर तिच्यावरून मेणबत्ती घासावी.

झोपायची पिशवी घट्ट गुंडाळून ठेवली तर तिची ऊब जाते. ती उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल ठेवावी. कारवार-गोकर्णच्या खाऱ्या पाण्यातून आलेले सगळे सामान गोड्या पाण्याने धुवावे. माळ्यावर ठेवण्याआधी पिशव्यांचे कोपरे झटकावेत. शेंगदाण्याचा एक दाणा राहिला तरी उंदीर तंबू कुरतडून आत शिरतो.

आणि जॅकेटे? ती साध्या पाण्याने धुवून, सावलीत निथळून, कपाटात रुंद हँगरवर टांगावीत, म्हणजे त्यांच्यावर काही ठेवायचा मोह होत नाही. कपाटात जागा नाही ही अडचण खरी आहे, तरी दोन जुने कोट काढले की होते. प्रत्येक जॅकेटच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने खरेदीची तारीख आणि मुलाचे त्या दिवशीचे वजन लिहून ठेवावे. पुढच्या हिवाळ्यात निघताना मुलाला आधी वजनकाट्यावर उभे करावे, आणि मग गाडीत डबे भरायला घ्यावेत.